नर्सरीतलं चार इंची ‘ब्रह्मकमळ’: रोप उत्तम, माती वाईट

नर्सरीत किंवा ऑनलाइन चार इंची कुंडीत ‘ब्रह्मकमळ’ म्हणून मिळतं ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांवर वाढणारं निवडुंग. खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया. ते हिमालयात उंचावर फुलतं, पुण्याच्या बाल्कनीत नाही. पण महाराष्ट्रात सगळे ह्यालाच ब्रह्मकमळ म्हणतात, तेव्हा नावासाठी गुण कापत नाही.

दुसरंच रोप गळ्यात पडतं, त्याचे मात्र कापावे लागतात. जुना बुंधा गोल, काडीसारखा हवा. वर चपटी, लाटदार कडेची ‘पानं’. ही खरं तर खोडंच, म्हणून कळी त्यांच्या कडेच्या खाचेतून निघते. कडा मधल्या शिरेजवळपर्यंत माशाच्या काट्यासारख्या कापलेल्या असतील तर ते फिशबोन नावाचं दुसरंच निवडुंग. तीन जाड धारा आणि काटे दिसले तर बहुधा ड्रॅगनफ्रूट. फोटोत लाल फूल असेल तर तो संकर. रात्रीचा घमघमाट त्यात शोधू नका.

खरी तक्रार मातीची. कुंडीत बहुधा निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असतं. पावसाळ्यात ते सुकतच नाही आणि बुंधा मातीलगत तपकिरी, मऊ पडतो. वर गळ्यात मारतात ते ‘कॅक्टस मिक्स’ वाळवंटी निवडुंगांचं, वाळूने जड, घेऊ नका. दोन भाग कोकोपीट, एक भाग नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज कण), अर्धा भाग गांडूळखत, एवढं पुरे. कुंडी एकच नंबर मोठी घ्या. मुळं जरा दाटली की फुलं येतात.

जागा पूर्वेची. भर उन्हात पानं पिवळी-लालसर होतात, अंधारात नुसते लांब, बारीक दोरे सुटतात. कळी आल्यावर कुंडी हलवली किंवा माती पार वाळली की कळी गळते. खाचांत पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दडतो. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

पाचपैकी साडेतीन. शेजारी कुणाकडे असेल तर पैसे वाचवा: वीत लांबीचं पक्कं पान मागा, सावलीत आठवडाभर सुकवा, कापलेलं टोक सुकून घट्ट झालं की दोन बोटं खोल खोचा. झाडाकडची बाजू खाली राहील हे पाहा. फुलासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागेल.