लिनक्सवर हार्डवेअरच्या जोरावर व्हिडिओ ट्रान्सकोडिंग: आठ महिने वापरल्यावर

जुन्या टेपांवरून उतरवलेलं घरचं चित्रण आणि फोनमधले ढीगभर व्हिडिओ ट्रान्सकोडिंग करून, म्हणजे दुसऱ्या स्वरूपात बदलून, आटोपशीर करून ठेवायचे होते. टर्मिनलमधून चालणारं एफएफएमपेग सगळं करतं, पण दर वेळी लांबलचक कमांड लिहायचा मला कंटाळा. फाइल समोर दिसावी, थोडा तुकडा आधी करून बघता यावा, रात्री रांग लावून झोपता यावं आणि लॅपटॉपमधल्या इंटेलच्या ग्राफिक्स चिपने भार उचलावा, असं काहीतरी हवं होतं.

लिनक्सवर घोळ होतो तो इथेच. एनव्हिडियाची एनव्हीएन्क, इंटेलची क्विक सिंक, शिवाय इंटेल आणि एएमडी दोन्हींवर चालणारी व्हीएएपीआय, अशा चिपकडून एन्कोडिंग (व्हिडिओ नव्या स्वरूपात बांधणं) करून घेण्याच्या वाटा वेगवेगळ्या. खिडक्या-बटणांचं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर पहिल्या दोन वाटांनी जातं, व्हीएएपीआयने एन्कोड करत नाही. नुसत्या मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरवर असलेल्या एएमडीवाल्यांनी म्हणून अ‍ॅव्हिडेमक्स किंवा शटर एन्कोडर बघावं. फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती असेल तर आणखी एक पायरी आहे: 2022 मध्ये पेटंटच्या कारणाने तिथल्या मेसातून एच.264 आणि एचइव्हीसी (एच.265) ही व्हिडिओ स्वरूपं वगळली गेली, ती आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घ्यावी लागतात.

काहीही बसवण्याआधी टर्मिनलमध्ये एकदाच व्हीएइन्फो ही चिपची क्षमता दाखवणारी कमांड चालवा. एचइव्हीसीच्या ओळीपुढे ‘एन्कस्लाइस’ दिसलं तर चिप एन्कोड करू शकते. नुसतं ‘व्हीएलडी’ असेल तर ती फक्त डिकोड करते (व्हिडिओ उलगडून दाखवते), मग सॉफ्टवेअर बदलत बसून उपयोग नाही.

मी हँडब्रेकवर स्थिरावले. फ्लॅटपॅक या पॅकेजमधून घेतलं, तर क्विक सिंकचा प्लगइन वेगळा टाकावा लागतो. तो नसेल तर एन्कोडरच्या यादीत तिचं नावच येत नाही, आणि मी आठवडाभर सेटिंगमध्ये बटण शोधत होते.

त्यानंतरही प्रोसेसर शंभर टक्क्यांवर पाहून मला वाटलं, चिप काही चालतच नाहीये. चिपवरचा भार दाखवणारं इंटेल जीपीयू टॉप उघडलं तेव्हा ‘व्हिडिओ’ची पट्टी भरलेली दिसली. चिप एन्कोडिंग करते, पण फिल्टर आणि आवाजाचं काम प्रोसेसरकडेच राहतं. टेपांचं चित्रण इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत विभागलेलं, त्यामुळे त्या ओळी जुळवणारं डीइंटरलेसिंग लावलं की वेग प्रोसेसरवर अडतो. फोनच्या व्हिडिओंना असला फिल्टर लागत नाही, तिथे फरक डोळ्यांत भरतो: ज्याला आधी सबंध संध्याकाळ जायची ते जेवण होईपर्यंत उरकतं.

दर्जाबद्दल स्पष्ट सांगते. एक्स265 या प्रोसेसरवर चालणाऱ्या एचइव्हीसी एन्कोडरमधला दर्जाचा 22 हा आकडा आणि क्विक सिंकमधला 22 एकच नव्हेत, जुना आकडा तसाच उचलू नका. एका टेपेत आजी संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाती वळत बसली आहे. क्विक सिंकने तिच्यामागच्या भिंतीवर चौकोनी ठिपके उठले. दर्जा वाढवला तर ठिपके गेले, पण फाइल एक्स265 च्या फाइलपेक्षा बरीच मोठी झाली. तोच तुकडा एक्स265 च्या ‘स्लो’ प्रीसेटने केला, तेव्हा भिंत भिंतीसारखी दिसली आणि लुगड्याचा काठही शाबूत राहिला.

तेव्हापासून फोनचे व्हिडिओ क्विक सिंकला देते. टेपा मात्र प्रोसेसरवरच, एका रात्रीत दोन. अजून अकरा बाकी आहेत.