मुंबईतली आफ्रिकी कुटुंबं आणि सरकारी सेवा: कुठे काम होतं, कुठे अडतं

कॅनडाने २०१९ च्या अर्थसंकल्पात तिथल्या कृष्णवर्णीय समाजाच्या संस्थांसाठी पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर ठेवले. मुंबईत राहणाऱ्या नायजेरियन, केनियन, काँगोली कुटुंबांसाठी असं वेगळं लेखाशीर्ष नाही. त्यांच्या मुलांपर्यंत सरकारी पैसा पोचतो तो सगळ्यांसाठी असलेल्या सेवांमधूनच, म्हणून परीक्षणही त्या सेवांचंच करायला हवं. जिथे मूल मोजलं जातं तिथे या सेवा चालतात, जिथे आधार क्रमांक मोजला जातो तिथे अडखळतात.

सर्वांत चांगली सेवा लसीकरणाची. पालिकेच्या हेल्थ पोस्टवर किंवा दवाखान्यात लस मोफत मिळते आणि त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मायदेशातून आणलेलं लसीचं कार्ड मात्र टाकून देऊ नका. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे, डोस नायजेरियात आणि आपल्याकडे एकाच वेळापत्रकाने देतात. कार्ड दाखवलं तर राहिलेलेच डोस द्यावे लागतात. पश्चिम आफ्रिकेतल्या कुटुंबांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही मागून घ्यावी. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी, म्हणजे रक्त द्रावणात मिसळून करायची झटपट चाचणी भरवशाची नसते, कारण त्या वयात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक असतं. तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी चाचणीच हवी. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, या आजारांवरच्या कामात तिचा अनुभव मोठा आहे.

जन्मनोंदणीही चांगली. आईवडील कुठल्याही देशाचे असोत, इथे झालेला जन्म २१ दिवसांत नोंदवायचाच असतो. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि धावपळ वाढते. चूक होते ती नावात. आपल्याकडे बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची सवय, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, बाकीची सगळी नावं एकत्र. रुग्णालयाने सवयीने वडिलांचं नाव मधे घातलं की दाखल्यावरचं बाळ आणि पासपोर्टवरचं बाळ वेगवेगळं होतं. रुग्णालयातला अर्ज भरतानाच पासपोर्टची प्रत समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

आई भारतीय आणि वडील आफ्रिकी असतील तर आणखी एक तारीख जपायची. ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेलं मूल भारतीय ठरण्यासाठी एक पालक भारतीय हवा, आणि जन्माच्या वेळी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे प्रसूतीच्या दिवशी वडिलांचा व्हिसा संपलेला असेल तर त्याची किंमत बाळ मोजतं. व्हिसाची मुदतवाढ प्रसूतीच्या आधी पुरी करून घ्या, आणि त्या दिवशी वैध असलेल्या व्हिसाची प्रत जन्मदाखल्याच्याच फाइलमध्ये ठेवा.

अंगणवाडीबद्दल मात्र नाराजी आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस पूरक आहार, हा नियम चांगला आहे. पण अंगणवाडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लाभार्थ्याची ओळख आधारला बांधलेली आहे. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार, म्हणजे टीएचआर, घेताना चेहरा जुळवावा लागतो आणि त्याआधी आधारवर ई-केवायसी. परदेशी आईला आधार मिळू शकतं. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत भारतात १८२ दिवस वास्तव्य झालेलं असावं, सोबत वैध पासपोर्ट आणि व्हिसा किंवा निवास परवाना. परदेशी रहिवाशांचा अर्ज वेगळा असतो, नेहमीचा भरला तर परत येतो. आणि हे आधार व्हिसाच्या मुदतीपुरतंच असतं. मुदतवाढ मिळाली की ते अद्ययावत करावं लागतं, तोवर टीएचआर अडू शकतो. कुपोषणाचा धोका सर्वांत जास्त असलेल्या वयात आहार व्हिसाच्या तारखेवर टांगून ठेवणं चूकच आहे. मूल तीन वर्षांचं झालं की गरम आहार केंद्रातच मिळतो, त्यात चेहरा जुळवण्याची अट नाही. त्या वयाच्या मुलाला थेट केंद्रात बसवा. आणखी एक: सेविकेचं सर्वेक्षण चाळीत, वस्तीत नीट होतं, पण भाड्याच्या इमारतींत ती गेटवरच अडते. तेव्हा सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी कुटुंबाला तिच्याकडे नेऊन नाव नोंदवून द्यावं.

शाळेच्या बाबतीत कायदा भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा ‘प्रत्येक बालक’ म्हणतो, नागरिक म्हणत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम ४ नुसार वयाला साजेसा वर्ग आणि गरज पडल्यास विशेष प्रशिक्षण. तरी मुख्याध्यापक का कचरतात? कारण राज्यात संच मान्यता, म्हणजे शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी, आधार-वैध विद्यार्थ्यांवर होते. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, पण शिक्षकाचं पद ठरवताना धरलं जात नाही. म्हणून प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि पोचेवर शिक्का, तारीख घ्या. नकार द्यायचाच असेल तर तोही लेखी मागा. प्रवेश झाला की पालिकेच्या २७ शालेय वस्तूंवर या मुलाचाही इतरांइतकाच हक्क. कच्चा दुवा मराठीचा. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे आणि ते योग्यच, पण पाचवीत आलेल्या, घरी इंग्रजी किंवा स्वाहिली बोलणाऱ्या मुलाला बाराखडीपासून शिकवायला कुणीतरी हवं. कलम ४ चं प्रशिक्षण नाव घेऊन मागावं लागतं, आपोआप मिळत नाही.

चौदा वर्षांपुढे जवळजवळ काहीच नाही. शिक्षण हक्काची हद्द तिथे संपते. शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे: वय चौदा पूर्ण आणि पाचवी उत्तीर्ण असेल तर दहावीला खाजगीरीत्या बसता येतं. परीक्षेचा रस्ता मिळतो, शिकवणीचा खर्च मात्र घरावरच पडतो. या वयाच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवू पाहणाऱ्या संस्थांनी स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंदणी आणि आयकर सवलतीसाठीची १२अ, ८०जी नोंदणी आधी पुरी करावी, आणि प्रस्ताव वस्तीच्या नावाने लिहावा. आफ्रिकी मुलं एवढाच लाभार्थी लिहिला तर तो कुठल्याच योजनेच्या रकान्यात बसत नाही. वॉर्डातली शाळाबाह्य मुलं असं लिहिलं की ती त्यात येतात, आणि त्यांच्या शेजारची मुलंही.