सैको 6309-7040 : लिलावातून घेतलेलं जुनं डायव्हर

अ‍ॅबर्डीनमध्ये, स्कॉटलंडच्या या बंदरात, राहणाऱ्याला जुनी डायव्हिंगची घड्याळं शोधायला लांब जावं लागत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम केलेले पाणबुडे आता थकले आहेत. घरं आवरली जातात तेव्हा त्यांच्या वस्तू आसपासच्या लहान लिलावघरांत येतात. मी स्वतः समुद्रतळाच्या पाइपलाइनींच्या कामात आहे, त्याआधी बॉम्बे हायवर होतो, त्यामुळे या घड्याळांवर माझा जीव आहे. गर्दी होते ती रोलेक्स सबमरिनरच्या लॉटला (लिलावात एकत्र पुकारल्या जाणाऱ्या वस्तूला). पगारावर घर चालवणाऱ्याने मात्र हात वर करावा तो सैको 6309-7040 साठी, असं माझं ठाम मत आहे.

हे मॉडेल 1976 ते 1988 या काळात निघालं. ऑटोमॅटिक, 17 ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) मशीन, 150 मीटर खोल पाण्यापर्यंतची खात्री, वार आणि तारीख दोन्ही, चावी चारच्या आकड्यापाशी. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं पोलादी कवच, दोन्ही बाजूंना फुगीर, म्हणून संग्राहक त्याला ‘टर्टल’ म्हणतात. माझ्या घड्याळाच्या मागच्या झाकणावरचा क्रमांक 8N ने सुरू होतो. 8 हा वर्षाचा शेवटचा आकडा, माझ्या घड्याळासाठी 1978, आणि N म्हणजे नोव्हेंबर. सैकोची ही पद्धत मला फार आवडते. कागदपत्रं हरवली तरी घड्याळ आपला जन्ममहिना सांगतं.

त्या लिलावात 7040 ची दोन घड्याळं एकामागोमाग एक होती. पाहणीच्या दिवशी मी दोन्ही हातात घेऊन खिडकीशी गेलो. पहिलं चकचकीत, काच नवी, डायल काळीभोर. दुसऱ्याची काच इतकी ओरखडलेली की तारीख वाचायला घड्याळ तिरपं धरावं लागे. लिलावघराच्या वर्णनात पहिल्यापुढे ‘उत्तम’ आणि दुसऱ्यापुढे ‘वापरलेलं, ओरखडे’ एवढंच लिहिलेलं. मशीन उघडून पाहिलंय का, याबद्दल अक्षर नाही. मी विचारल्यावर ‘आम्ही उघडत नाही’ असं उत्तर मिळालं. विकणाऱ्याने एवढी तरी मेहनत घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मी दुसरं घेतलं. कारण असं : या केसचा वरचा भाग ब्रश केलेला असतो, त्यावर बारीक रेषा मधून बाहेर पसरत जातात. बाजू मात्र आरशासारख्या पॉलिश केलेल्या. जिथे हे दोन भाग मिळतात तिथे कारखान्यातून आलेली स्वच्छ, धारदार कड असते. नखाने जाणवते. पहिल्या घड्याळाची ती कड पॉलिशच्या चाकावर पार गेली होती, केस वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गोलमटोल. काच बदलता येते, गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) बदलता येतं, पट्टा तर येतोच. गेलेलं पोलाद परत येत नाही. दुसऱ्याच्या केसवर खोल चरे होते, पण कड शाबूत होती.

डायल तपासायला भिंग लागतं. 6309 साठी बाजारात नव्याने बनवलेल्या डायल इतक्या आहेत की जुनी मूळ डायल दिसली की आनंद होतो. मूळ डायलच्या अगदी खालच्या काठाला बारीक अक्षरांत संकेतांक असतो, तो झाकणावरच्या मॉडेल क्रमांकाशी जुळतो का ते बघायचं. मग टॉर्च मारायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं चमकतं रंगद्रव्य एव्हाना दमलेलं असतं. माझ्या घड्याळातलं जेमतेम उजळतं आणि लगेच मावळतं. पहिल्या घड्याळाचे ठिपके हिरवेगार पेटले आणि पेटलेलेच राहिले. म्हणजे एक तर डायल नवी किंवा रंग नवा.

परदेशातले संग्राहक रंगवलेल्या डायलच्या जुन्या घड्याळांना सरसकट ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि मला ते लागतं. आपल्याकडच्या कारागिरांनी डायल रंगवल्या कारण गिऱ्हाइकाला रोज वापरायचं घड्याळ चालतं आणि नीटनेटकं हवं होतं. त्यात कौशल्य आहे. लबाडी आहे ती रंगवलेलं ‘मूळ’ म्हणून विकण्यात, आणि ती कुठल्या एका शहराची मक्तेदारी नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं होतं, हे पुढे 2023 मध्ये ओमेगानेच जाहीर केलं. मोठं नाव आणि छापील कॅटलॉग असूनही असं होतं, तर भिंग आपल्याच खिशात हवं.

आता पैसे. हातोडा 420 पौंडांवर पडला. त्यावर खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे लिलावघराचा आकार, 25 टक्के, आणि प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट. म्हणजे एकूण 30 टक्के वर. हातात बिल आलं 546 पौंडांचं. ऑनलाइन बोली लावली असती तर बऱ्याच ठिकाणी आणखी काही टक्के लागतात. म्हणून कमाल आकडा ठरवताना आधी शेवटचं बिल ठरवावं आणि 1.3 ने भागावं. चकचकीत घड्याळ माझ्यापेक्षा बरंच महाग गेलं.

घड्याळजीने मशीन उघडून साफ केलं, तेल घातलं, काच आणि सगळी गॅस्केट बदलली. केसला चाक लावायचं नाही हे मी लिहूनच दिलं होतं. आता दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं. एवढ्या वयाच्या मशीनला ते शोभतं.

उणिवा आहेत आणि त्या जन्मजात आहेत. चावी फिरवून किल्ली देता येत नाही, घड्याळ हलवूनच सुरू करावं लागतं. चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवणं नशिबावर. बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं वेळ मोजायचं कडं, दोन्ही बाजूंना फिरतं. पाण्याखाली हे गंभीर आहे, कारण धक्क्याने ते उलट सरकलं तर गेलेला वेळ कमी दिसतो आणि माणूस हवा संपत आली तरी खालीच राहतो. म्हणून पुढच्या काळात एकाच दिशेने फिरणारी बेझेल रूढ झाली.

शिवाय हे सॅच्युरेशन डायव्हिंगचं घड्याळ नव्हे, विकणारा काहीही म्हणो. त्या कामात माणसं दिवसेंदिवस हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात. हेलियम घड्याळात शिरतो आणि दाब कमी करताना काच उडवतो. हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथल्या एका पाणबुड्याने 1968 मध्ये पत्र लिहून घड्याळं टिकत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा सैकोने सात वर्षं खपून 1975 मध्ये टायटॅनियमचं, 600 मीटरचं घड्याळ काढलं, ज्यात हेलियम मुळात शिरतच नाही. तेही लिलावात येतं, पण त्याची किंमत वेगळी आहे.

माझं 6309 मी कामावर, पावसात, भांडी घासताना वापरतो. दाबाची चाचणी पास झालं तरी पोहायला नेत नाही. डायल भिजली तर तशी मूळ डायल पुन्हा मिळवणं फार अवघड. कड शाबूत, डायल मूळ आणि सगळं मिळून सहाशे पौंडांच्या आत बसत असेल तर जरूर घ्या. मागच्या झाकणाचा आणि डायलच्या खालच्या काठाचा जवळून काढलेला फोटो आधी मागवा. तो मिळाला नाही तर पुढचा लॉट बघा.