फास्टर फेणे की फेलूदा?

मुलांसाठीच्या ह्या दोन्ही पुस्तकमालिका वाचल्यात, दोन्ही आवडतात, पण एकच निवडायचं तर माझं मत ठरलेलं आहे.

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे (आपला फाफे) म्हणजे फुरसुंगीचा काटकुळा पोरगा, पुण्यात विद्याभवनात शिकतो, सायकल सुसाट हाणतो आणि काही खटकलं की तोंडातून 'ट्टॉक्' निघतंच. तो कोडं सोडवत बसत नाही हो, सरळ भानगडीत उडी मारतो आणि मग बाहेर कसं पडायचं ते बघतो, त्यामुळे पानं पटापट उलटतात. योगायोग मात्र भरपूर, चोर नेमके ह्याच्याच वाटेत कसे येतात देव जाणे!

सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा एकदम वेगळा, मोठा माणूस, चारमिनार सिगारेट ओढणारा, शांत डोक्याचा. गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, म्हणजे जे तोपशेला दिसतं तेच आपल्याला दिसतं आणि तरी फेलूदा दोन पावलं पुढे. 'सोनार केल्ला' (१९७१) घ्या, मागचा जन्म आठवणाऱ्या मुकुलच्या मागे सगळे राजस्थानात पोचतात आणि तिथे जाताना ट्रेनमध्ये भेटतात जटायू, थरारकथा लिहिणारे पण उंटाबद्दलसुद्धा भलतंच काहीतरी लिहून ठेवणारे. ह्या माणसासाठी तरी वाचाच, मराठीत अशोक जैन यांचे अनुवाद आहेत.

रहस्य म्हणून फेलूदा सरस, वादच नाही. पण पाचवी-सहावीतल्या पोराला पहिलं पुस्तक द्यायचं असेल तर मी डोळे झाकून फाफे देईन.