पेटी, तबला आणि बॅटरीवरचा स्पीकर : नऊ महिन्यांनंतर

गेल्या गणपतीच्या आधी आठ दिवस हा स्पीकर घरी आला आणि आता मे संपत आलाय. एवढ्या काळात सोसायटीचं अंगण, टेकडीवरचं देऊळ, मेणवलीचा घाट, दोन गच्च्या आणि एक हुरडा पार्टी धरून बावीस कार्यक्रम त्याच्यावर झाले. आम्ही चौघं आहोत. अभंग आणि नाट्यपदं गाणाऱ्या ताई, पेटीवाले काका, तबल्याला त्यांचाच भाचा आणि टाळ वाजवणारा मी. टाळकऱ्याला काम कमी, असा बाकीच्या तिघांचा समज, म्हणून साउंड माझ्या गळ्यात. स्पीकरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आठ इंची वूफरचे हे बॅटरीवाले स्पीकर एकमेकांचे मावसभाऊच असतात, आणि माझ्या तक्रारी बहुतेक सगळ्या खानदानाला लागू आहेत.

आधी आम्ही भाड्याने आणायचो. आहुजाचा अॅम्प्लिफायर, दोन बॉक्स, वायरींचं भेंडोळं आणि ते सांभाळायला एक मुलगा. आवाजाची तक्रार नव्हती, रडगाणं विजेचं होतं. पहिल्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायचा आणि ऐन भैरवीत त्या घरातल्या आजींनी ‘कसलं बटण चालू राहिलंय’ म्हणून ते बंद करायचं. हे दोनदा झालं.

घेताना पहिल्यांदा ट्रॉली स्पीकरच बघितले. चाकं, रंगीत दिवे, दोन कॉर्डलेस माइक, आणि खोक्यावर हजारांत वॉट. तो आकडा पीएमपीओचा असतो, म्हणजे क्षणभरासाठी फुगवलेला. त्याच्यावर जाऊ नका. खरी पॉवर दुप्पट झाली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. मी दुकानात पेटीच घेऊन गेलो होतो. दुकानदार ब्लूटूथवर धडाड्‌धूम गाणी लावून दाखवत होता, काकांनी पेटी उघडल्यावर त्याचा चेहरा पडला. ट्रॉलीवर ताईंचा आवाज बादलीत तोंड घालून गायल्यासारखा येत होता. शेवटी घेतला तो ८ किलोचा, एका हाताने उचलता येणारा, साठ हजारांच्या आतबाहेरचा. दोन माइक चॅनेल, तिसरं ऑक्स (मोबाइल वायरने जोडायची खाच) आणि ब्लूटूथसाठी.

पहिल्या कार्यक्रमात स्पीकर आमच्या पाठीमागे ठेवला. म्हटलं, आपल्यालाही ऐकू येईल आणि लोकांनाही. ताईंनी ‘सा’ लावायच्या आधी स्पीकरनेच लावला. ती शिट्टी कुणी विसरू देत नाही मला. दोष माझाच होता. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून परत स्पीकरमध्ये, आणि हे चक्र बंद पडत नाही. आता स्पीकर आमच्या ओळीच्या दोन पावलं पुढे, तबल्याच्या बाजूला असतो, तोंड लोकांकडे. माइक शुअरचा एसएम-५८. १९६६ पासून निघतोय आणि आजही देवळादेवळात दिसतो. तो समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो, म्हणून त्याची शेपटी स्पीकरच्या दिशेने जाईल असा लावायचा.

याने शिट्टी गेली, पण काकांना ताई ऐकू येईनात. यावर मी चार महिने डोकं फोडलं. दुसरा छोटा स्पीकर आणायचा विचार झाला, वजन बघून सोडला. शेवटी बसण्याची जागाच बदलली: सरळ ओळीऐवजी नालासारखं गोल, काका ताईंच्या इतक्या जवळ की मान वळवली की सूर कानावर. बैठकीत पूर्वीपासून असेच बसत आलेत लोक, आम्हीच स्टेजच्या सवयीने ओळीत बसायला लागलो होतो.

ताईंची एक सवय मात्र मोडावी लागली. तान घेताना त्या मागे रेलायच्या. माइकपासून तोंडाचं अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले, मग मी आवाज वाढवणार आणि पुन्हा शिट्टी. चार बोटं अंतर ठेवा, एवढंच सांगून ठेवलंय. दर कार्यक्रमाला सांगतो.

माझी खरी चूक चॅनेलची. दोन माइक पुरतील असं वाटलं होतं: एक गळ्याला, एक पेटीला. तबल्याला उघड्यावर काय गरज? चाट आणि तिरकीट साठ माणसांना आपसूक पोचतात, पण डग्ग्याची घुमक हवेत विरते. खोलीत भिंती तिला धरून ठेवतात, मैदानात धरायला कुणी नाही. म्हणून तिसरा माइक, डग्ग्याकडे झुकवलेला, आणि त्यासाठी छोटा मिक्सर. पहिला मिक्सर अॅडॅप्टरवर चालणारा निघाला, म्हणजे पुन्हा आजींच्या खिडकीखाली! तो परत करून यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारा घेतला, तो पॉवर बँकेवर चालतो. फँटम पॉवर, म्हणजे माइकला त्याच्याच वायरीतून मिळणारी वीज, नाही, त्यामुळे तिच्यावर चालणारे नाजूक कंडेन्सर माइक विसरायचे. पेटीला कंडेन्सर खुलतो हे खरं, पण माइक जितके जास्त उघडे तितकी शिट्टी लवकर. तीनच्या वर मी जात नाही.

तानपुरा मोबाइलवरून, तोही वायरने. ब्लूटूथवर लावला होता तेव्हा ‘रूप पाहता लोचनी’च्या मधोमध काकूंचा फोन आला आणि रिंगटोन साठ जणांनी ऐकली. आता फोन एअरप्लेन मोडवर. फोन चार्जिंगला लावून ऑक्स जोडला की भुणभुण येते, चार्जर काढला की जाते.

सगळ्यात चांगला आवाज लागला मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर. लोक वरच्या पायऱ्यांवर, आम्ही खाली, त्यामुळे स्टँड न लावता स्पीकर जमिनीवर मागे कलता ठेवला आणि तो थेट वर ऐकू गेला. एरवी सतरंजीवर बसलेल्यांसाठी स्पीकर त्यांच्या डोक्याच्या जरा वर पाहिजे, नाहीतर पहिल्या दोन रांगा आवाज खाऊन टाकतात. नदीवरचा वारा मात्र माइकमध्ये फडफडत होता. फोमच्या टोप्या चढवल्या आणि मिक्सरवरचं, खालची घरघर कापणारं लो-कटचं बटण दाबलं तेव्हा निभावलं.

परवानगी आणि वेळ यांचं आधीच बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. दिवाळी पहाट आम्ही साडेपाचला सुरू केली ती बिनमाइकची, सहा वाजता बटण दाबलं. गार पहाटे आवाज तसाही लांब जातो, त्यामुळे पहिला अर्धा तास कुणाच्या लक्षातही आला नाही. ताईंच्या आला.

बॅटरी. खोक्यावर १२ तास लिहिलंय, आमच्या आवाजाला साडेपाच-सहा मिळतात. दोन तासांच्या कार्यक्रमाला चिक्कार. पण ती काढून दुसरी बसवता येत नाही, आणि आज घेतला असता तर हे आधी बघितलं असतं, कारण एक ना एक दिवस ती थकणारच. एप्रिलमध्ये दुपारभर गाडीच्या डिकीत राहिला तर संध्याकाळी चार्जिंगच घेईना. सावलीत पाऊण तास थंड झाल्यावर मुकाट घेतलं.

शंभरावर माणसं असतील किंवा ढोलकी-लेझीम असेल तर हा घेऊ नका, भाड्याचा मुलगाच बरा. कीर्तनाला एकट्या बुवांना चालेल, पखवाज मागे असेल तर डग्ग्यासारखीच रड.

स्टँडची खोबण ३५ मिलिमीटरची असते, कुठल्याही दुकानातला बसतो. स्वस्तातला हलका घेऊ नका. आमचा एकदा वाऱ्याने कलला आणि भाच्याच्या खांद्यावर टेकून थांबला, त्याने सम सोडली नाही. तेव्हापासून स्टँडच्या पायांना दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या बांधतो. मध्यंतरात कुणीतरी त्यातली एक सोडून पितंच.