एकाच डोळ्यात मोतीबिंदू, बाळ दोन महिन्यांचं: आत भिंग बसवायचं की वरून लेन्स?

लेकीच्या डाव्या डोळ्याची बाहुली फोटोत पांढरी दिसली तेव्हा ती पाच आठवड्यांची होती. सासूबाई म्हणाल्या, "पिकू दे जरा, मग काढू." आजोबांच्या मोतीबिंदूला ते चालतं, बाळाला नाही. एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू चार ते सहा आठवड्यांत निघालेला बरा, कारण उशीर झाला की मेंदू त्या डोळ्याने बघायलाच शिकत नाही. तेव्हा ऑपरेशन ठरलेलंच होतं. अडलो ते पुढे: काढलेल्या भिंगाच्या जागी काय?

आत कृत्रिम भिंग बसवलं की रोजची कटकट नाही, हे खरं. पण चष्मा सुटतो हा गैरसमज. जन्मतः डोळा जेमतेम 17 मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी 23-24 होतो. डोळा वाढतो तसा लागणारा नंबर उतरत जातो, म्हणून भिंगाचा नंबर मुद्दाम कमी ठेवतात आणि राहिलेला चष्म्याने भरून काढतात.

कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर वाढीप्रमाणे बदलता येतो. त्रास घरच्यांना. एकाने बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने पापणी वर करून लेन्स सरकवायची. आमची एकदा ऐरोली स्टेशनवर डोळ्यातून निघाली. अख्खा जिना शोधला, सापडली तिच्या झबल्याच्या गळ्याला चिकटलेली. हरवली की नवीन घ्या, आणि ती स्वस्त नसते. डोळा लाल दिसला की लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

अमेरिकेत हीच तुलना 114 बाळांवर झाली, सगळी सात महिन्यांच्या आतली, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांची नजर सारखीच भरली. पण पाच वर्षांची होईपर्यंत डोळ्याच्या आत पुन्हा ऑपरेशन लागलं ते भिंगवाल्यांत 72 टक्के मुलांना, लेन्सवाल्यांत 21 टक्क्यांना. दर वेळी पूर्ण भूल. मी लेन्स निवडली ती या आकड्यापायी. काचबिंदूची धास्ती मात्र दोन्हीकडे आहे, तपासण्या सुटत नाहीत.

तरी दोघंही सकाळी लोकल पकडणारे असाल, दिवसभर बाळ पाळणाघरात आणि लेन्स हाताळणारं कुणी नाही, तर डॉक्टरांशी भिंगाचंच बोला. न घातलेल्या लेन्सपेक्षा ते बरं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर जाड चष्म्यावरही भागतं, हिशोबच वेगळा. खर्चाची अडचण असल्यास सिव्हिल हॉस्पिटलात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, जन्मजात मोतीबिंदू त्यात येतो.

ऑपरेशन झालेला डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर लावायची पट्टी मात्र कशातही चुकत नाही. त्या अभ्यासात प्रमाण होतं वयाच्या दर महिन्यामागे रोज एक तास, आठ महिन्यांनंतर जागेपणीचा निम्मा वेळ. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तिने सात पट्ट्या उपटल्या. मग आजीने हातांत मोजे घातले.