चरबी दाखवणारा वजनकाटा: मोठ्यांसाठी ठीक, वाढत्या मुलांसाठी नको

कुमार वयातील धावपटूंच्या आमच्या गटासाठी आम्ही शरीरातील चरबी, स्नायू आणि पाणी यांचे प्रमाण दाखवणारा डिजिटल वजनकाटा घेतला आणि सहा महिने तो नियमित वापरला. वस्तू म्हणून त्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. काच जाड आहे, चारही पाय जमिनीवर घट्ट बसतात, एकापाठोपाठ तीनदा वजन केले तरी तेच येते आणि मोबाइलमधील ॲपशी तो विनातक्रार जोडला जातो. केवळ वजनासाठी कोणी घेणार असेल, तर मी तो निःशंकपणे सुचवेन. माझी हरकत आहे ती वजनाखाली उमटणाऱ्या दुसऱ्या आकड्याला, आणि तो मुलांना दाखवण्याला.

चरबीची टक्केवारी हा काटा मोजत नाही, तर हिशेबाने काढतो. अनवाणी उभे राहिले की तळपायांखालच्या धातूच्या पट्ट्यांमधून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. पाणी आणि क्षार भरपूर असलेल्या स्नायूंमधून तो सहज वाहतो, चरबी त्याला अडवते. यंत्राच्या हाती खरोखर लागतो तो एवढा अडथळाच. त्यात वजन, उंची, वय आणि लिंग घालून उरलेले सगळे सूत्र ठरवते. शिवाय प्रवाह मुख्यतः पाय आणि ओटीपोटातून फिरत असल्यामुळे दंड आणि छातीबद्दल यंत्र जे सांगते, तो अंदाजच असतो.

शरीरातील चरबी वगळली तर उरलेल्या भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, हे प्रौढांबाबतचे गृहीतक अशा हिशेबांच्या मुळाशी असते. लहान मुलांमध्ये हे प्रमाण जास्त असते आणि वयात येताना ते हळूहळू प्रौढांच्या जवळ येते. तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. सूत्राच्या लेखी मात्र दोघांचे वय एकच. आमच्या काट्यात ‘ॲथलीट मोड’ आहे, तो पाहूनच आम्ही हा काटा निवडला होता. ती सोय फक्त १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. तोपर्यंत आम्ही तीन आठवडे सगळ्या मुलांच्या नोंदी त्याच मोडमध्ये घेतल्या होत्या. त्या नंतर काढून टाकल्या.

पाण्याचा परिणाम तर कोणालाही घरी पडताळून पाहता येईल. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर उभे राहिले, की वजन अर्धा किलोने वाढते. पण पोटातल्या त्या पाण्यामुळे विद्युतप्रवाहाच्या अडथळ्यात विशेष फरक पडत नाही, म्हणून यंत्र ते वाढलेले वजन बव्हंशी चरबीच्या खात्यात टाकते. चाळीस किलोच्या मुलीची चरबी आधी १८ टक्के दाखवली असेल, तर पाणी प्यायल्यावर ती १९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

हे आमच्या आधी एका मुलीच्या लक्षात आले. ती तेरा वर्षांची, आठशे मीटर धावणारी. सोमवारी सरावाआधी वजन होत असे. लागोपाठ दोन सोमवारी तिची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसली, म्हणून मी विचारले, तर ती अगदी सहज म्हणाली, “काट्यावरून उतरल्यावर पिते ना, आधी प्यायलं की फॅट वाढतं.” त्याच आठवड्यात तिच्या आईने सांगितले, की रात्रीचे जेवण ती अर्धेच ठेवून उठते आहे. ॲपमधला तिचा आलेख लाल बाणासह वर जात होता, आणि तिच्या वयाला तो वर जाणे स्वाभाविक होते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते, मुलांची चौदाव्या. आणि वयात येताना मुलींच्या शरीरात चरबी वाढणे हा आजार नव्हे, वाढच असते. निरोगी वाढीला लाल बाण लावणाऱ्या यंत्राला मी या एका बाबतीत शून्य गुण देते.

खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार कमी पडत राहिला, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, दुखापती वाढतात आणि धावण्याचा वेगही खालावतो. मुलग्यांनाही याची झळ बसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिले. २०२३ च्या सुधारित निवेदनात, वैद्यकीय कारण नसल्यास १८ वर्षांखालील खेळाडूंची शरीररचना तपासू नये, अशी शिफारस आहे.

मोजमापाचा उपयोगच नाही, असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये वजन उतरवण्याच्या अट्टहासापायी महाविद्यालयीन कुस्तीपटूंचे तीन मृत्यू झाले. त्यानंतर तिथे शरीरातील पाण्याची तपासणी आणि चरबीची किमान मर्यादा धरून वजनगट ठरू लागले. पुढे शालेय कुस्तीत ही मर्यादा मुलग्यांसाठी ७ आणि मुलींसाठी १२ टक्के झाली. तिथे आकडा खेळाडूला आणखी खाली जाण्यापासून अडवतो, आमच्याकडे तो तिला खाली ढकलत होता.

प्रौढ व्यक्तीने स्वतःसाठी हा काटा जरूर घ्यावा. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, ठरलेल्या वेळी नोंद करावी, एका दिवसाच्या आकड्याकडे न पाहता काही आठवड्यांचा कल पाहावा. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र त्यावर उभे राहू नये. आमच्या गटात आता तो प्रशिक्षकांच्या खोलीत आहे. मुलांची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवरच्या पट्टीवर घेतो. झोप, थकवा आणि दुखापती वहीत लिहितो. मुलींच्या पाळीबद्दल त्यांची इच्छा असेल तरच, एकांतात आणि महिला प्रशिक्षकच विचारतात. सोमवारी आता वजन होत नाही, आणि त्या मुलीची बाटली सराव सुरू होण्याआधीच अर्धी झालेली असते.